सुखदेव साळवे यांची मरणोत्तर बढती

मिरजगाव आणि पंचक्रोशीतील तमाम बंधू-भगिनींनो, हातातली कामं बाजूला ठेवा, लहान मुलांना गप्प करा आणि कान इकडे द्या. देशाच्या हवाई दलात आजवर कधी घडली नव्हती अशी घटना आपल्या स्टँडसमोर घडली आहे. इंजिन फिटर, निवृत्त ज्युनिअर वॉरंट ऑफिसर सुखदेव साळवे यांना, ते वारल्यानंतर, मधली सगळी पदं ओलांडून थेट विंग कमांडर करण्यात आलं आहे. या बढतीला दिल्लीची मंजुरी नाही आणि तिची गरजही नाही, कारण बढती फ्लेक्सवर झाली आहे. सर्वांनी नोंद घ्यावी आणि फ्लेक्सखालून जाताना डोकं सांभाळावं. एका बाजूची दोरी सुटली आहे.

सुखदेवा, तू असतास तर आधी दोरी बांधली असतीस आणि मग वर बघितलं असतंस. वर बघितल्यावर मात्र मटकन खाली बसला असतास. तुझ्या फोटोमागं त्यांनी टोकदार नाकाचं, शेपटातून जाळ सोडणारं लढाऊ विमान छापलंय. तू ज्याच्या पोटाखाली उमेदीची वर्षं काढलीस ते विमान ढेरपोटं होतं, दोन पंख्यांचं. जवान, पिठाची पोती, औषधांची खोकी आणि कधीमधी जिवंत बकऱ्या घेऊन डोंगरातल्या धावपट्टीवर उतरणारं. त्याचा फोटो तू मला पहिल्यांदा दाखवलास तेव्हा मी म्हणालो होतो, "हा तर टेम्पो आहे."

"टेम्पोच हाय," तू म्हणालास. "पण ह्यो बंद पडला तर रस्त्याच्या कडंला घेता येत न्हाई."

माझा धंदा बोलण्याचा. मांडव, स्पीकर, माईक आणि माईकमागं मी. लग्न असो, बैलपोळा असो, सरपंचाचा वाढदिवस असो, मी गळा साफ केल्याशिवाय या भागात काही सुरू होत नाही. आपण शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हाही बोलायचो मी आणि छडी खायचो दोघं. तुझा धंदा बरोबर उलटा. इंजिनाला कान लावून ऐकत बसायचं. त्यामुळे आपलं जमलं. जगात बोलणारे लाखभर आहेत, मला ऐकणारा एकच भेटला, आणि तोही ऐकून झाल्यावर म्हणायचा, "रंग्या, ह्यातलं निम्मं खोटं हाय."

तू पहिल्या सुट्टीवर निळ्या गणवेशात आलास त्या दिवशी गावानं तुला पायलट केलं. तू समजावायला गेलास, तिथंच तुझं चुकलं. गावाचा हिशोब साधा होता. हवाई दल म्हणजे विमान, विमान म्हणजे पायलट. तू चिडून विचारायचास, "एस.टी.त सगळे डायव्हरच असत्यात का? वर्कशॉपमधी कोण, भुतं असत्यात?" लोक हसायचे आणि म्हणायचे, "बरोबर हाय पायलट तुमचं."

मग तू हॉटेलात बसून सगळं हवाई दल टेबलावर मांडायला लागलास. मी हे नाटक किती वेळा पाहिलं असेल, दर वेळी पोट धरून हसलो. चहाची किटली म्हणजे दिल्ली. तिथं सगळ्यांच्या वर एक चीफ. किटलीभोवती ग्लास, त्या कमांड. पश्चिमेची, पूर्वेची, मधली, दक्षिणेची, नैऋत्येची. आणि दोन ग्लास बाजूला, ज्यांना दिशाच नाही. एक शिकवणारी कमांड, एक दुरुस्त करणारी. प्रत्येक ग्लासाखाली बश्या, ती स्टेशनं. बशीत बिस्किटं, त्या स्क्वाड्रन. "बिस्किट हलवायचं तर बशीतून सांगावं लागतं, बशीला ग्लासातून आन् ग्लासाला किटलीतून," तू सांगायचास. एकदा बापूसाहेब येऊन बसले. आपले माजी सरपंच, जत्रा कमिटीचे अध्यक्ष, गावातल्या प्रत्येक नारळाचे हक्काचे मालक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि बोलता बोलता पूर्वेची एक स्क्वाड्रन चहात बुडवून खाल्ली.

"म्हंजी आपल्या कारखान्यासारखंच की," तोंड पुसत ते म्हणाले. "वर एकजण, खाली बाकीचे."

"न्हाई, बापूसाहेब," तू म्हणालास. "आमच्यात वरून खाली हुकूम येतो. पन खालून वर 'नको' जातं. त्ये वर जायची वाट ठेवलेली हाय. त्ये न्हाई पोचलं तर इमान पडतं."

"खालून वर नको?" बापूसाहेब असे हसले की त्यांची टोपी सरकली. "मंग वर बसायचं कशाला?"

आपलं भांडण याच टेबलावरचं. अर्धवट राहिलंय, म्हणून पुन्हा काढतो. आता तुला उठून जाता येणार नाही.

मी म्हणायचो, सुखदेवा, तुझ्या किटलीतला चीफ नेहमी उडणाऱ्यांतूनच का होतो? इंजिन सांभाळणाऱ्यांतून का नाही? अधिकाऱ्यांचा मेस वेगळा, तुमचा वेगळा. त्यांना सलाम तुम्ही ठोकायचा. गावात एक उतरंड होती, ती सोडून तू पळालास आणि दुसऱ्या उतरंडीत जाऊन उभा राहिलास. वर इथं येऊन तिचं कौतुक सांगतोस!

तू चिडायचास. कधी म्हणायचास, जो माणसांना मरायला पाठवतो त्यानं आधी स्वतः जाऊन बघितलेलं असावं, म्हणून उडणारा. कधी म्हणायचास, तुझ्या टाळक्यात शिरायचं नाही. आणि एकदा, पावसाळा उघडल्यावर आपण कर्जतहून येत होतो, तू गाडी चालवत होतास, तेव्हा आरशात माझ्याकडं न बघता म्हणालास, "चुकीचं आसंल त्ये. पन त्ये खांद्यावर लावलेलं हाय, रंग्या. वाचता येतं. कोन कुनाच्या वर, का, आन् तिथवर जायला काय करावं लागतं, सगळं लिहिलेलं हाय. तुमच्या गावाचं कुठं लिहिलंय?"

तुमच्या गावाचं, म्हणालास. आपल्या नाही. तू जिंकलास असं मी म्हणणार नाही, कारण माझा प्रश्न जागेवर आहे. पण तुझाही आहे.

तुझ्या त्या पान्याची गोष्ट मी इतक्या ठिकाणी सांगितली आहे की ती आता माझीच झाली आहे. तू नवा होतास. तुमच्याकडं हत्यारांचा फळा असतो. त्यावर प्रत्येक पान्याच्या, पक्कडीच्या, स्क्रू ड्रायव्हरच्या आकाराची सावली रंगवलेली. काम संपलं की हत्यार आपल्या सावलीवर टांगायचं. एक सावली रिकामी दिसली की समजायचं, हत्यार विमानात राहिलं असेल, आणि मग ते सापडेपर्यंत एकही विमान उडत नाही. त्या दिवशी एक सावली रिकामी होती आणि पाना तुझ्या हातून गेला होता. सोबतचा म्हणाला, गप बस, दुसरा आणून लावू. तू गप्प बसला नाहीस. जाऊन सांगितलंस. सगळी विमानं जागेवर थांबली. पंखे फिरायला लागले होते तेसुद्धा. आणि मग स्क्वाड्रनचा मुख्य, खराखुरा विंग कमांडर, उडायच्या कपड्यांत, गवतात गुडघ्यावर बसून तुझा पाना शोधायला लागला. त्याच्या शेजारी तू. सगळे ओळीत, रांगत. पाना सापडला पाण्याच्या नाल्याच्या जाळीत. तुला वाटलं, आता मेलो. तो गुडघे झटकत उठला आणि म्हणाला, "अच्छा किया बताया. जाओ, चाय पियो."

बस, एवढंच. एवढ्यावर तू जन्मभर त्या निळ्या कपड्याचा गुलाम झालास. मी म्हणायचो, एका चहावर विकला गेलास. तू म्हणायचास, "व्हय. तू कितीवर विकला जाशील त्ये सांग."

निवृत्त होऊन आलास आणि पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवर पळी, झारा, उलथणं आणि सांडशीच्या सावल्या रंगवल्यास. सुनंदावहिनींनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मैतराला सांगा, सावल्या पुसा. न्हाईतर लाटण्याची सावली मी यांच्या पाठीवर काढीन." तू सावल्या पुसल्यास, पण झाऱ्याची ठेवलीस. त्या भिंतीवर ती अजून आहे, आणि वहिनी झारा बरोबर तिथंच टांगतात. काल मी पाहिलं.

आणि माझे मांडव. माझ्या कुठल्याही कार्यक्रमाला तू बोलावल्याशिवाय यायचास आणि वायरींखालून वाकून फिरायचास. "ज्यानं जोडलं त्यानं तपासायचं न्हाई," हे तुझं ब्रह्मवाक्य. मी जोडलेलं तू तपासायचास, तू जोडलेलं मी. मी हसत तपासायचो, हे खरं. पण मांडवात शेकडो बायकापोरं नाचत असताना मी माईकवर निर्धास्त फुशारक्या मारायचो, कारण मागं कुणीतरी वाकून बघून गेलेलं असायचं. परवा शेवगावकडचं एक लग्न होतं. मी वायरी जोडल्या आणि सवयीनं बाजूला होऊन उभा राहिलो. मांडववाला म्हणाला, "कुनाची वाट बघताय?" मी म्हणालो, कुणाची नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तू मेलास.

आता जत्रेकडं येतो. मला यायचं नव्हतं. पण ते सोडून तुझ्याविषयी बोललो तर माझ्यात आणि फ्लेक्समध्ये फरक काय राहिला?

गेल्या वर्षीची जत्रा. मोठा आकाशपाळणा आला होता, लाइटवाला, गाणी वाजवणारा. मी कमिटीच्या मंडपात माईकवर. हरवलेली पोरं, सापडलेल्या चपला, कुस्त्यांची वेळ. तू पाळण्याजवळ शेंगा खात उभा होतास आणि तुझं डोकं वर. लोकांना वाटलं, पायलट आकाश बघतोय. तू बघत होतास ते बैठकीचे खिळे. ज्या लोखंडी दांड्यावर बैठक लटकते, तिथला नट निसटू नये म्हणून त्यातून एक पिन घालून तिची टोकं दुमडतात. दोन-तीन बैठकींना ती पिन नव्हती. तिच्याऐवजी बांधकामाची तार पिळून गुंडाळली होती. एका तारेचा पीळ सुटत आला होता.

तू काय करायला हवं होतंस ते गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. बापूसाहेबांना शोधायचं. ते जेवत असतील तर थांबायचं. हात जोडून म्हणायचं, बापूसाहेब, जरा बोलायचं होतं. तू यातलं काही केलं नाहीस. तू शेंगा टाकल्यास, पाळण्यासमोर गेलास आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरलेस. विमानासमोर उभं राहून 'थांब' सांगायची तुमची खूण. पाळणेवाल्याला ती खूण माहीत असायचं कारण नव्हतं. पण तू अशा काही थाटात उभा होतास की त्याचा हात आपोआप खटक्यावर गेला.

पाळणा थांबला. आणि माझ्या मित्रा, तुझ्या नशिबाचा थाट बघ, अगदी टोकावरच्या बैठकीत बापूसाहेबांची सून आणि नातू!

"पायलट, येड लागलं का तुला?" बापूसाहेब खालून ओरडत आले. "उतरव त्यान्ला!"

"एकेक बैठक खाली घिऊन उतरवतो," तू म्हणालास. "तवर कुनी हलायचं न्हाई. पिना न्हाईत."

"कुनी सांगितलं तुला बघायला?"

"कुनी न्हाई. मला दिसलं."

मी माईकवर होतो. मी म्हणालो, "पाळणा तपासणीसाठी बंद आहे. तो सुखदेव साळवे यांनी बंद केला आहे. ज्यांना आपली हाडं प्रिय आहेत त्यांनी त्यांचे आभार मानावेत." पुढचं बोलणार तेवढ्यात कमिटीतल्या कुणीतरी माईकची वायरच ओढली. ती कुणी तपासलेली नव्हती. लगेच निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर कमिटी बसली आणि आपल्याला बोलावलं. खुर्च्या होत्या. आपल्याला कुणी बस म्हणालं नाही. माझं मला नवल वाटलं नाही, तोंडाळ माणसाला लोक उभंच ठेवतात. तुला उभं ठेवल्याचं मात्र मला आजही बोचतं.

बापूसाहेब शांत होते. ते शांत असले की मला भीती वाटते. म्हणाले, "तुला दिसलं तर मला सांगायचं. मी थांबवला असता."

"तुमच्यापर्यंत यीपर्यंत फिरलाच असता की," तू म्हणालास. "आमच्यात ज्याला दिसतं त्यो थांबवतो. मग वरच्याला सांगतो. वरचा इचारतो, का थांबवलं. थांबवलं म्हनून कुनी रागवत न्हाई."

"ह्ये तुझं हवाई दल न्हाई. हितं मी म्हनलो की थांबतं, मी म्हनलो की सुरू व्हतं."

"मग पिन पडायच्या आधी तुमाला इचारती का?"

मागून कुणीतरी म्हणालं. कोण ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत होतं. नाव घेत नाही, कारण त्याच्या पोरीच्या लग्नात माईक माझाच आहे. तो म्हणाला, "पायलट, तुमच्या वस्तीत जाऊन थांबवा काय थांबवायचं त्ये."

सगळे हसले नाहीत. काहींनी खाली बघितलं. पण तो जे बोलला ते कुणी खोडलंही नाही. तू इतक्या वर्षांत कमावलेलं, खांद्यावर लावलेलं, वाचता येणारं सगळं त्या एका वाक्यात काढून ठेवलं गेलं. मी बोललो, बरंच बोललो, आणि नेहमीप्रमाणे त्याचा उपयोग शून्य झाला.

संध्याकाळी पाळणा पुन्हा सुरू झाला. तार तशीच, फक्त वरून आणखी एक पिळा दिलेला. आणि तू जाऊन तिथंच उभा राहिलास. दिवे लागले, गाणी वाजली, पोरं किंचाळली, पाळणा फिरत राहिला. तू मान वर करून उभा. मी शेजारी येऊन विचारलं. तू गेल्यापासून हाच प्रश्न मला खातोय, कारण तो विचारायला नको होता असंही वाटतं आणि विचारल्याशिवाय राहवलंही नसतं. मी म्हणालो, "सुखदेवा, खरं सांग. पडावा असं वाटतंय का तुला?"

तू माझ्याकडं असं बघितलंस की मला वाटलं, कानाखाली बसते.

"येडा हायेस का?" तू म्हणालास. "माझी पुतनी बसलीय त्यात. सगळे बसले म्हनून बसली."

पाळणा पडला नाही. जत्रा संपली, पाळणा सुटा होऊन ट्रकमधून पुढच्या गावाला गेला. तुझ्याविरुद्ध इतका भक्कम पुरावा कुणी दिला नसता. लोक म्हणायला लागले, बघा, काही झालं का? पायलटला उगाच विमानातल्या सवयी. अरे, तुझ्या आयुष्याचं कामच ते होतं, काही न होऊ देणं. पडलेल्या विमानाची चौकशी होते, पेपरात येतं. न पडलेल्याचा सत्कार कोण करतो? तू पहिल्यांदा हे हसत सांगितलं होतंस. त्या जत्रेनंतर हसायचं सोडलंस.

हॉटेलात यायचंही सोडलंस. टेबल, किटली, बश्या सगळं जागेवर होतं. मी एकदा तुझी मांडणी करून बघितली. पोरं हसली नाहीत. ती मांडणी करायला खरं माहीत असावं लागतं. माझ्याकडं फक्त आवाज होता.

आणि मग एक दिवस सकाळी गाडी पुसता पुसता छातीत कळ आली, आणि संपलं. डॉक्टर काय म्हणाले, किती वाजता, कुणी उचललं, हे मी सांगत बसत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "कारण लिही, कवतिक नको." कारण मला माहीत नाही, सुखदेवा. माझ्या मनात एक कारण आहे, देवळासमोरच्या त्या सकाळचं. ते सिद्ध करता येणार नाही, म्हणून ते मी फक्त तुलाच सांगतोय.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुक नव्हे, शोकाकुल म्हणून बापूसाहेबांचा फोटो, तुझ्यापेक्षा मोठा. वहिनींनी मला पाठवलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचं पद चुकलंय. त्येवढं नीट करा. त्यांनी त्यासाठी परीक्षा दिल्या व्हत्या. रातचं जागून अभ्यास केला व्हता, मी बघितलंय. दुसऱ्या कुनाचं पद त्यांना नको."

मी गेलो. बापूसाहेब म्हणाले, "खरं पद काय मग?"

"ज्युनिअर वॉरंट ऑफिसर."

त्यांनी तोंड वाकडं केलं. "ज्युनिअर? आरं, मेलेल्या मानसाला ज्युनिअर कसं म्हनायचं? कमीपना वाटतो. मी गावाच्या वतीनं मोठं केलंय त्याला, आन् तू बारीक करायला आलास?"

मी म्हणालो, "बापूसाहेब, गेल्या वर्षी त्याला खुर्ची दिली नाही तुम्ही."

"त्ये येगळं," ते म्हणाले. आणि खरंच, त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही खोटेपणा नव्हता. त्यांना ते खरोखर वेगळं वाटत होतं. जिवंत सुखदेवनं पाळणा थांबवला होता. मेलेला सुखदेव काहीच थांबवणार नव्हता. त्याला कितीही वर चढवा, धोका नाही.

काल तुझा जलदान विधी झाला. समाजमंदिरासमोर मांडव होता, माझाच. वायरी मी जोडल्या आणि तुझ्या पुतणीला तपासायला लावल्या. तिनं एक सैल निघालेली दाखवली, शाबास. त्रिशरण-पंचशील झालं. पांढऱ्या साडीत वहिनी पुढं बसल्या होत्या, पाठ ताठ. गाव आलं होतं, वस्तीच्या बाहेरचंही. बापूसाहेबांना मध्ये खुर्ची.

मी माईक घेतला. माझ्या आयुष्यात मी एवढं कमी कधी बोललो नाही. म्हणालो, "आज आपण इंजिन फिटर, निवृत्त ज्युनिअर वॉरंट ऑफिसर सुखदेव साळवे यांना आदरांजली वाहायला जमलो आहोत." वहिनींनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं. गड्या, एवढं तरी मला जमलं.

मग बापूसाहेब उभे राहिले आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "निवेदकांच्या तोंडून अनवधानानं साळवे साहेबांचं पद कमी झालं, त्याबद्दल मी गावाच्या वतीनं कुटुंबाची माफी मागतो." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! पुढं ते म्हणाले की विंग कमांडर साळवे साहेबांनी आभाळातून या देशावर नजर ठेवली. ते म्हणाले की मी त्यांना नेहमी विचारायचो, साहेब, वरून आपलं गाव कसं दिसतं? शिस्त शिकावी तर साहेबांकडून. त्यांच्या शब्दाला या गावात कायम मान होता. हे सगळं ते माझ्या माईकवरून बोलत होते आणि माझ्या बोटाखाली बंद करायचं बटण होतं. मला दिसत होतं. मी थांबवलं नाही. थांबवणारा एकच होता गावात, आणि त्याच्याच शोकसभेला आम्ही जमलो होतो.

शेवटी कमिटीतर्फे वहिनींना सन्मानचिन्ह दिलं. हातभर फ्रेम, चंदेरी कागदात गुंडाळलेली. दोघांनी मिरवत आणली. मी रिवाजाप्रमाणे माईक वहिनींच्या तोंडाजवळ नेला, दोन शब्द बोलतील म्हणून. त्यांनी कागद काढला. आत विमानाच्या खिडकीत बसलेला एक पायलट. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळी काच, नाकातोंडावर मुखवटा आणि त्याला नळी. खाली सोनेरी अक्षरांत तुझं नाव, आणि नावाआधी ते दुसऱ्याचं पद. चेहऱ्याचा बोटभरही भाग दिसत नव्हता.

वहिनींनी फ्रेम जवळ घेतली. लांब धरली. उलटी करून मागचा पुठ्ठा बघितला. पुन्हा सरळ केली. सगळा मांडव वाट बघत होता.

"बघा, कसे रुबाबदार दिसत्यात साहेब," बापूसाहेब कौतुकानं म्हणाले.

वहिनी फ्रेमकडंच बघत होत्या. माईक चालू होता.

"ह्ये आमचे न्हाईत."